बाबांचं टॅली आणि भावाचं लिनक्स एकाच लॅपटॉपवर: ड्युअल बूटबद्दल मदत हवीय

मेधा_घणसोली
नमस्कार मंडळी. घरात एकच लॅपटॉप आहे. आय-फाइव्ह दहावी जनरेशन, ८ जीबी रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, विंडोज ११ होम. बाबांचा एपीएमसीच्या मसाला मार्केटला छोटा गाळा आहे, त्यांचं टॅली, जीएसटी रिटर्न, डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन सगळं ह्याच लॅपटॉपवर. धाकटा भाऊ कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला गेलाय, त्याला ओएसच्या (ऑपरेटिंग सिस्टिम) प्रॅक्टिकलला लिनक्स लागतं, शेल स्क्रिप्ट, फोर्क, पाईप वगैरे, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये मशीन मिळेपर्यंत तास संपत आलेला असतो. दुसरा लॅपटॉप घेणं आत्ता शक्य नाहीये.

स्टेशनजवळच्या एका दुकानात विचारलं तर म्हणाले सगळं फॉरमॅट मारून दोन्ही नव्याने टाकावं लागेल, टॅलीचा डेटा तुमचा तुम्ही सांभाळा. बाबांनी हे ऐकलं आणि तेव्हापासून ते भावाला लॅपटॉपला हात लावू देत नाहीयेत. फॉरमॅट न करता ड्युअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही, होतं का? बाबांच्या एका व्हाउचरलाही धक्का लागता कामा नये, एवढीच अट आहे.

ऐरोली_नाईटशिफ्ट
ताई, ड्युअल बूटच्या फंदात पडायच्या आधी डब्ल्यूएसएल बघा, विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय. पॉवरशेल अॅडमिन म्हणून उघडायचं, एक कमांड, एक रिस्टार्ट, की उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) सुरू. जीसीसी, फोर्क, पाईप, सेमाफोर सगळं चालतं. डब्ल्यूएसएल २ मध्ये खरा लिनक्स कर्नल (ओएसचा गाभा) असतो, नक्कल नाही. डिस्कच्या पार्टिशनला (विभागांना) हात लावायचा प्रश्नच येत नाही, म्हणजे बाबाही खूश.

तलावपाळी_ठाणे
ऐरोलीचं म्हणणं बरोबर आहे, नुसती प्रॅक्टिकल सबमिट करायची असतील तर डब्ल्यूएसएल पुरेल. पण मी तरी ड्युअल बूटच सुचवेन. एकतर ८ जीबी रॅम. विंडोज ११, क्रोम आणि टॅली उघडलं की त्यातली बरीचशी गेलीच, वर डब्ल्यूएसएल २ पडद्यामागे अख्खी व्हर्च्युअल मशीन चालवतं. दुसरं म्हणजे मुलगा ओएस हाच विषय शिकतोय, मशीन बूट कसं होतं, डिस्कवर पार्टिशन कशी पडतात, कर्नल मॉड्यूल लोड कसं होतं, हे खऱ्या मशीनवर करून बघण्यात जे आहे ते विंडोजच्या आतल्या खिडकीत नाही. आणि तिसरं, त्याच्या प्रयोगांपासून बाबांचं विंडोज लांब राहतं.

फॉरमॅट करायची अजिबात गरज नाही. ज्याने सांगितलं त्याने चुकीचं सांगितलं. विंडोज आहे तिथेच राहतं, सी ड्राईव्ह थोडा आक्रसून मोकळ्या जागेत लिनक्स बसतं. लिनक्स टाकणं सोपं आहे हो, अर्ध्या तासाचं काम. खरी तयारी विंडोजच्या बाजूला करावी लागते आणि नेमकी तीच लोक घाईघाईत उरकतात. म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद असणं. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात डिव्हाइस एन्क्रिप्शन बघा. होम एडिशनलाही ते असतं, आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं असेल तर बहुतेक वेळा आपोआप चालू झालेलं असतं, घरात कुणाला पत्ताही नसतो. बूटच्या मार्गात काही बदललं की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं, आणि ती नसेल तर डेटा गेला म्हणजे गेला, कुणी काही करू शकत नाही. बाबांच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये वेबसाईटवर लॉगिन करा, डिव्हाइसेसमध्ये ही की सापडेल. कागदावर लिहून काढा. फोटो काढून त्याच लॅपटॉपमध्ये ठेवू नका. मग इन्स्टॉल होईपर्यंत एन्क्रिप्शन बंद करा, डिक्रिप्ट व्हायला वेळ लागतो, चार्जर लावून ठेवा.

दुसरं, फास्ट स्टार्टअप. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणं काय करतात ते ठरवायचं पान, तिथली टिक काढा. हे चालू असताना शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, कर्नल झोपवून डिस्कवर ठेवतं. तशा अवस्थेत लिनक्सने त्या ड्राईव्हवर काही लिहिलं तर फाईल सिस्टिम बिघडू शकते, म्हणून लिनक्स तो ड्राईव्ह फक्त वाचण्यापुरता उघडतं किंवा उघडतच नाही. गंमत अशी की रिस्टार्ट केलं तर पूर्ण बंद होतं, शटडाउन केलं तर नाही, बऱ्याच जणांना हे उलटं वाटतं.

तिसरं, जागा विंडोजमधूनच कमी करा, डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी वर राईट क्लिक करून श्रिंक व्हॉल्यूम. लिनक्सच्या इन्स्टॉलरमधूनही एनटीएफएस (विंडोजची फाईल सिस्टिम) लहान करता येतं, पण विंडोजचा ड्राईव्ह विंडोजनेच हलवलेला बरा. तुमची ५१२ ची डिस्क तिथे ४७६ दिसेल, चोरीबिरी नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे. आकडा एमबीत टाकायचा असतो, १०० जीबीसाठी १०२४००. मिंट (हाही लिनक्सचाच प्रकार) किंवा उबंटूला तेवढी जागा कॉलेजसाठी भरपूर झाली. ती जागा अनअलोकेटेडच ठेवा, तिथे नवीन ड्राईव्ह बनवू नका.

पण ह्या सगळ्याच्या आधी टॅलीचा बॅकअप, त्यातलं मला कळत नाही, ते कुणीतरी जाणकाराने सांगा.

अनघा_कळवा
टॅलीचं मी सांगते, दिवसभर तेच काम आहे माझं. मेधा, टॅलीप्राइम असेल तर आतूनच बॅकअप घे. ऑल्ट वाय दाबलं की डेटाचा मेन्यू येतो, त्यात बॅकअप, कंपन्या निवड आणि पेनड्राईव्हचा पत्ता दे. नुसतं डेटाचं फोल्डर कॉपी करणारे खूप आहेत, तेही कर, पण आधी टॅली बंद करून. आणि तो बॅकअप दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनवर रिस्टोर करून उघडून बघ, शिल्लक जुळतेय का बघ, गेल्या महिन्यातली दोनचार बिलं उघडून बघ. न उघडलेल्या बॅकअपवर विश्वास ठेवू नये.

लायसन्सचंही सांगते कारण दुकानवाले हे सांगत नाहीत. टॅलीचं लायसन्स त्या मशीनला बांधलेलं असतं, फॉरमॅट मारायचंच झालं तर आधी ते सरेंडर करावं लागतं, नाहीतर नंतर अॅक्टिव्हेट करताना डोक्याला ताप. तुम्ही फॉरमॅट करत नाही आहात म्हणजे तो प्रश्न येणार नाही. टॅली आणि टोकन विंडोजवरच राहू द्या, लिनक्सवर चालवायचे प्रयोग त्या लॅपटॉपवर करू नका. आणि रिटर्नची तारीख जवळ आली असेल तर थांबा. ११ तारखेला जीएसटीआर १ आणि २० ला ३बी, दोन्ही भरून होऊ देत, मग हात लावा.

तलावपाळी_ठाणे
अनघाताई, तारखांचा मुद्दा लाख मोलाचा. ज्याचं पोट त्या मशीनवर चालतं त्याच्या वेळेप्रमाणे आपण काम करायचं, आपल्या उत्साहाप्रमाणे नाही.

मेधा_घणसोली
तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. बाबांना अनघाताईंचं वाचून दाखवलं, सरेंडरचं ऐकल्यावर म्हणाले ह्या बाईंना कळतंय, करा मग. ३बी भरून झालंय. बॅकअप मामाच्या मशीनवर उघडून बघितला, सगळं जुळतंय. डिव्हाइस एन्क्रिप्शन खरंच चालू होतं! की लिहून कपाटात ठेवली, एन्क्रिप्शन बंद केलं.

आता अडलंय ते श्रिंकवर. सी मध्ये २८० जीबी मोकळी दिसतेय पण श्रिंकमध्ये जेमतेम ३८ जीबीच कमी करता येईल म्हणतंय. असं का?

ऐरोली_नाईटशिफ्ट
कारण मध्येच कुठेतरी न हलणारी फाईल बसलीय. पेजफाईल (रॅम कमी पडली की वापरली जाणारी फाईल), हायबरनेशनची फाईल, सिस्टिम रिस्टोरचे पॉइंट, ह्यांना विंडोज चालू असताना हलवता येत नाही, त्यामुळे त्यांच्या अलीकडे जागा कापता येत नाही. रांगेत मधल्या सीटवर माणूस बसला असेल तर पलीकडच्या रिकाम्या सीटचा उपयोग नाही, तसं. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिन म्हणून उघडून पॉवरसीएफजीने हायबरनेट ऑफ करा, त्याने फास्ट स्टार्टअपही बंदच राहील. सिस्टिम प्रोटेक्शन तात्पुरतं बंद, व्हर्च्युअल मेमरीत नो पेजिंग फाईल, रिस्टार्ट, श्रिंक. झालं की पेजफाईल आणि प्रोटेक्शन परत चालू करायचं लक्षात ठेवा, ८ जीबी रॅमवर पेजफाईलशिवाय ठेवू नका.

मेधा_घणसोली
झालं!! १०० जीबी निघाली. विंडोज, टॅली, टोकन सगळं परत उघडून बघितलं, ठीक आहे.

खारेगाव_नाका
धागा हायजॅक करत नाहीये पण माझाही असाच प्रश्न आहे म्हणून इथेच विचारतो. घरी जुना डेस्कटॉप आहे, आय-थ्री चौथी जनरेशन, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्डडिस्क, विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपवला, विंडोज ११ ह्याच्यावर बसत नाही, टीपीएम २ (सुरक्षेची चिप) नाही आणि प्रोसेसर यादीत नाही. मशीन चांगलं चालतं, भंगारात द्यायला जीव होत नाही. आईचे जुने श्रीलिपीतले लेख आहेत विंडोजवर, त्यामुळे विंडोज पूर्ण काढायचं नाहीये. ह्यावर दोन्ही राहील का?

तलावपाळी_ठाणे
राहील, आणि तुमच्याकडे डेस्कटॉप आहे म्हणजे उलट सोपं आहे. पार्टिशन कापतच बसू नका. एक २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी घ्या, त्यावर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका, विंडोजची हार्डडिस्क आहे तशी राहू दे. इन्स्टॉल करताना विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवा. हे मी मुद्दाम सांगतो कारण उबंटू आणि मिंटच्या जुन्या धाटणीच्या इन्स्टॉलरमध्ये एक जुनी खोड आहे, तुम्ही बूटलोडरसाठी (ओएस सुरू करून देणारा प्रोग्रॅम) दुसरी डिस्क निवडली तरी तो पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये (बूटच्या फाईलींचा विभाग) जाऊन बसतो. केबलच नसेल तर जाणार कुठे. नंतर केबल लावली की सुरू होताना बूट मेन्यूतून हवी ती डिस्क निवडायची.

त्या काळातल्या मशीनवर विंडोज लेगसी मोडमध्ये (बूटची जुनी पद्धत) टाकलेलं असू शकतं. सर्चमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडून बायोस मोड बघा. लेगसी असेल तर डिस्क एमबीआर (पार्टिशनची जुनी पद्धत) असणार, तिच्यावर चारच प्रायमरी पार्टिशन होतात आणि विंडोज अन् डी-ई ड्राईव्ह मिळून ती बहुतेक भरलेली असतात. वेगळी डिस्क सुचवायचं हे दुसरं कारण. ४ जीबी रॅमची ८ करता आली तर जरूर करा. विंडोज १० वर नेट कमीत कमी वापरा. मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे, घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, त्यात नोंदणी करून टाका.

आणि तुमच्याकडे मेंटेनन्सला लाईट जाते तो दिवस टाळा. डेस्कटॉपला बॅटरी नसते, डिस्कवर लिहिणं चालू असताना लाईट गेली तर पंचाईत.

आईंच्या लेखांबद्दल एक सांगू का, ते हळूहळू युनिकोडमध्ये करून घ्या. श्रीलिपीची अक्षरं त्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टवर अवलंबून असतात, फॉन्ट गेला की नुसती चिन्हं उरतात. कन्व्हर्टर मिळतात पण जोडाक्षरं नजरेखालून घालावी लागतात, आणि ते काम आई असताना त्यांच्यासोबत बसून केलं तर सगळ्यात चांगलं होईल. मिंटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधूनच जोडता येतो.

मेधा_घणसोली
पुढची अडचण. रुफस ह्या सॉफ्टवेअरने मिंटचा पेनड्राईव्ह बनवला, एफ १२ दाबून त्यावरून बूट केलं, इन्स्टॉल न करता चालवून बघितलं. वायफाय, आवाज, टचपॅड, ब्राइटनेस सगळं चालतंय, भाऊ हरखून गेलाय. पण इन्स्टॉल करायला गेलो तर डिस्कच दिसत नाही. यादीत फक्त पेनड्राईव्ह. आम्ही घाबरून बंद केलं, विंडोज नेहमीसारखं सुरू झालं.

तलावपाळी_ठाणे
डिस्क ठणठणीत आहे. बायोसमध्ये साटा किंवा स्टोरेज मोड इंटेल आरएसटी, रेड (RAID) अशा नावावर असणार, काही लॅपटॉप कारखान्यातूनच तसे येतात. त्या मोडमध्ये एनव्हीएमई डिस्क इंटेलच्या कंट्रोलरच्या मागे लपते आणि लिनक्सला दिसत नाही. ती एएचसीआय ह्या साध्या मोडवर न्यायची. पण थेट बदललं तर विंडोज सुरू होणार नाही, निळी स्क्रीन येईल, कारण त्याने त्या मोडचा ड्रायव्हर बूटला लावलेलाच नसतो. म्हणून वळसा घालून जायचं.

विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडा, बूटच्या टॅबमध्ये सेफ बूट, मिनिमल, ओके. रिस्टार्ट होताना सरळ बायोसमध्ये जा, तिथे एएचसीआय करा, सेव्ह. आता विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि एएचसीआयचा ड्रायव्हर स्वतः उचलेल. परत एमएसकॉन्फिग, सेफ बूटची टिक काढा, रिस्टार्ट. बस. एक सांभाळा, सेफ मोडमध्ये चार आकडी पिन कधी कधी चालत नाही, अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो. बाबांना तो आठवतोय का, आधी विचारा. एन्क्रिप्शन तुम्ही आधीच बंद केलंय ते बरं झालं, नाहीतर इथेच की मागितली असती.

मग इन्स्टॉलरमध्ये समथिंग एल्स निवडा. मोकळ्या १०० जीबीत ईएक्सटी ४ चं (लिनक्सची फाईल सिस्टिम) एक पार्टिशन, माउंट पॉइंट नुसता स्लॅश. स्वॅपला (रॅम कमी पडली की लागणारी जागा) वेगळं पार्टिशन नको, स्वॅप फाईल आपोआप होते. विंडोजचं १०० एमबीच्या आसपासचं ईएफआय पार्टिशन दिसेल, तेच वापरायचं, त्याच्यापुढे फॉरमॅटची टिक असेल तर काढायची. त्या टिकने विंडोजचा बूटलोडर पुसला जातो. इन्स्टॉल नाऊ दाबल्यावर कोणकोणती पार्टिशन फॉरमॅट होणार त्याची यादी येते, ती भावाला मोठ्याने वाचायला लावा आणि तुम्ही ऐका. एकच नाव असायला हवं, ईएक्सटी ४ वालं. एनटीएफएस शब्द ऐकू आला तर मागे फिरा.

ऐरोली_नाईटशिफ्ट
सिक्युअर बूटचं, म्हणजे सही असलेलाच बूटलोडर चालू देणाऱ्या सेटिंगचं, काय? १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने कित्येकांचं ड्युअल बूट बंद पाडलं होतं, एसबॅट सेल्फ चेक फेल्ड असा मेसेज आणि मशीन बंद. माझ्या टीममधल्या दोघांना बसला होता फटका. त्यापेक्षा सिक्युअर बूट बंदच करून टाकलेलं बरं ना?

तलावपाळी_ठाणे
नको. मिंट आणि उबंटूचा बूटलोडर मायक्रोसॉफ्टच्या सहीनेच येतो, सिक्युअर बूट चालू असताना नीट चालतो. तेव्हा जुन्या, असुरक्षित बूटलोडरना अडवणारं अपडेट ड्युअल बूटच्या मशीनवरही लागू झालं, मायक्रोसॉफ्टने ते मान्य केलं आणि मे २०२५ च्या अपडेटमध्ये सोडवलं. ज्यांना फटका बसला त्यांच्याही फाईली शाबूत होत्या, सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्समध्ये शिरता येत होतं. ह्यातून घ्यायचं एवढंच की दोन्हीकडची अपडेट वेळच्या वेळी होऊ द्या, महिनोन्महिने लिनक्स न उघडता ठेवू नका. बाबांचं बँकिंग आणि डीएससी त्या मशीनवर आहे, सुरक्षेचा एक कप्पा आपल्या सोयीसाठी उघडा टाकणं मला पटत नाही.

मेधा_घणसोली
झालं मंडळी! बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते, यादी भावाने वाचली, एकच नाव होतं. मिंट सुरू झालं, मग विंडोज सुरू केलं, बाबांनी टॅली उघडून आधी कॅश बुक बघितलं, मग टोकन लावून बघितलं, मग चहा मागितला.

दोन गोष्टी राहिल्यात. मिंटमधून विंडोजमध्ये आलं की घड्याळ चुकतं, सकाळी १० ला पहाटेचे साडेचार दाखवतं. आणि सुरू होताना ती काळी यादी येते, मिंट पहिलं असतं, बाबांनी काही दाबलं नाही तर मिंटच उघडतं आणि ते हाक मारतात.

ऐरोली_नाईटशिफ्ट
घड्याळाचं मी सांगतो. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ लिहितं, विंडोज तीच आपली स्थानिक वेळ समजतं, आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणून बरोबर तेवढाच फरक. मिंटच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएलने लोकल आरटीसी १ करा, सेटिंग कायम राहतं. मग विंडोजमध्ये एकदा वेळ सिंक करा. हे टाळू नका, घड्याळ एवढं चुकलं की बँकेच्या साईट सर्टिफिकेटची तक्रार करायला लागतात.

तलावपाळी_ठाणे
ती यादी दाखवणाऱ्या ग्रबमध्ये (लिनक्सचा बूटलोडर) विंडोज पहिलं करता येतं, पण तुमच्या घरासाठी मी वेगळं सुचवतो. बायोसमध्ये बूटचा क्रम बदला, विंडोज बूट मॅनेजर वर, उबंटू खाली. मिंटचीही नोंद तिथे उबंटू नावानेच असते, गोंधळू नका. मग बाबांनी बटण दाबलं की काळी यादी नाही, काही नाही, पूर्वीसारखं थेट विंडोज. भावाला लिनक्स हवं असेल तेव्हा त्याने एफ १२ दाबून उबंटू निवडायचं. ह्याचा आणखी एक फायदा आहे, विंडोज ग्रबमधून न जाता थेट उघडत असल्यामुळे आता डिव्हाइस एन्क्रिप्शन परत चालू केलंत तरी की मागण्याचा प्रसंग सहसा येणार नाही. परत चालू कराच, लॅपटॉप मार्केटला नेतात आणतात ना. आणि चालू केल्यावर नवी की तयार होते, कपाटातला कागद बदला.

पुढेमागे मिंट काढायचं झालं तर आधी हाच क्रम तपासायचा, मग विंडोजमधून ते पार्टिशन डिलीट करायचं. उलट केलं तर ग्रबचा प्रॉम्प्ट येऊन थांबतो आणि लोक फॉरमॅट करायला दुकानात धावतात, नुसतं बूट मेन्यूतून विंडोज निवडलं तरी उघडतं.

भावाला सांगा, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत, फुकट आहेत. एकेक धडा बघून शेजारच्या खिडकीत करत जायचं.

मेधा_घणसोली
क्रम बदलला, बाबांनी स्वतः दोनदा चालू-बंद करून बघितलं. एन्क्रिप्शन चालू केलं, नवीन की लिहिली. भावाने शेल स्क्रिप्टचा धडा सुरू केलाय. मिंटमधून त्याला बाबांचा सी ड्राईव्ह दिसतोय, तो बंद करता येईल का?

तलावपाळी_ठाणे
एन्क्रिप्शन पूर्ण झालं की कीशिवाय तो मिंटमधून उघडणारच नाही. दोघांना मिळून फाईली हव्या असतील तर पेनड्राईव्ह वापरा, वेगळं पार्टिशन आत्ता नको.

अनघा_कळवा
मेधा, आठवड्याचा बॅकअप आता चालू ठेव हं. पेनड्राईव्ह टॅलीसाठी वेगळा ठेव, भावाचा नको.

खारेगाव_नाका
एसएसडी आणली, ४ जीबीची जादा रॅमही बसली. बायोस मोड लेगसीच निघाला. रविवारी बसतोय. विंडोजच्या डिस्कची पॉवरची केबल काढायची की डेटाची?

तलावपाळी_ठाणे
डेटाची पुरे. प्लग भिंतीतून काढून मगच कॅबिनेट उघडा. मशीन लेगसीत आहे तर बूट मेन्यूत पेनड्राईव्ह दोनदा दिसला तर यूईएफआय न लिहिलेला निवडा. काही अडलं तर इथेच लिहा, रविवारी घरीच आहे.